महालक्ष्मीचं गवत

भरधाव घोड्याचा पुढचा पाय जमिनीला टेकतो, त्या क्षणी त्या एका पायावर त्याच्या वजनाच्या जवळपास अडीचपट भार येतो. रेसचा घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा. म्हणजे हजार-बाराशे किलो एका खुरावर, आणि खुराचा तळवा केवढा, तर आपल्या पसरलेल्या पंजाएवढा. गुडघ्याच्या खाली घोड्याच्या पायाला मांस नसतं. नुसतं हाड, दोरासारख्या ताणलेल्या कंडरा आणि वर कातडी. त्या नळीला हात लावला की प्रत्येक वेळी मला भीती वाटते आणि आदरही वाटतो.

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, सेमिनरी हिल्सवर, हे शिकले त्याला आता पस्तीसच्या वर वर्षं झाली. नंतर नोकरी काटोल, कुही, भिवापूर अशी फिरली. माझ्या हाताखालून गेले ते बैल, गाई, म्हशी, शेळ्या. घोडे फार कमी. आले ते शहरातले, वरातीचे. वरातीची घोडी पांढरीशुभ्र, झुलीखाली नटलेली असते, पण लोखंडी नाल ठोकलेले पाय घेऊन ती रात्र-रात्र सिमेंटच्या रस्त्यावर चालते. आमच्या नागपुरात आता गल्लीबोळांत सिमेंटचे रस्ते आहेत. डांबर थोडं तरी दबतं, सिमेंट तसूभर दबत नाही. लग्नसराई संपत आली की मालक घोडीला घेऊन यायचे. ती एक पाय पुढे टाकून उभी, खुराजवळ गरम, दाबलं की पाय झटकून घ्यायची. औषध देता येतं. रस्ता बदलून देता येत नाही.

म्हणून महालक्ष्मीचा रेसकोर्स पाहायला गेले तेव्हा माझ्या मनात पहिल्यापासून जमीनच होती.

जायला एवढी वर्षं का लागली, तेही सांगते. आमच्या घरात ‘रेस’ हा शब्द काढायचा नाही असा दंडक होता. माझे धाकटे काका सत्तरच्या दशकात मुंबईला गिरणीत लागले, लोअर परळला. तिथून महालक्ष्मी पायी जाण्याच्या अंतरावर. रविवार आला की पाय तिकडे वळायचे. पगार गेला, मग उसने घेतलेले गेले, आणि एका दिवाळीला घरी आले ते आजीच्या पाटल्या घेऊन परत गेले. त्या पाटल्या पुन्हा कोणी पाहिल्या नाहीत. आजीने शेवटपर्यंत हातात काचेच्या बांगड्याच घातल्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि पुढच्या वर्षी काका ट्रंक घेऊन नागपूरला, जुनी शुक्रवारीच्या घरी परत आले. मी तेव्हा आठवीत होते.

दिवसा कोणी विषय काढत नसे. रात्री गच्चीवर अंथरुणं पडली की काका हळू आवाजात मला स्क्वाँडरर नावाच्या घोड्याची गोष्ट सांगत. एकोणीस शर्यती पळला, अठरा जिंकला. वर वसंत शिंदे, आपला मराठी जॉकी. काका पैशांबद्दल कधी बोलले नाहीत. बोलले ते घोड्याच्या मानेबद्दल, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तो अंग कसा लांबवायचा त्याबद्दल. मी घोड्यांच्या डॉक्टरकीकडे वळले ती त्या गच्चीवरून, हे मी आईला कधीच सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पुतणीने परळला घर घेतलं आणि जानेवारीत बोलावलं. निघण्याआधी काकांना भेटायला गेले. ते आता ऐंशीला टेकलेत, ऐकायला कमी येतं. कानाशी तोंड नेऊन सांगितलं, महालक्ष्मीला जाते आहे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तू गवत पाह्यजो बेटा. घोडे तं सगळेच पाह्यतात.”

विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला उतरले. शनिवारी पहाटे पुतणीबरोबर रेसकोर्सवर फिरायला गेलो. सकाळ-संध्याकाळ लोक तिथे चालायला येतात. केशवराव खाड्ये मार्गाकडून आत शिरलो आणि एकदम आभाळ मोठं झालं. चहूबाजूंनी उंच इमारती, आणि मधे दोनशेच्या वर एकर सपाट, मोकळं, हिरवं. एवढं मोकळं काही मुंबईत असेल अशी माझी कल्पनाच नव्हती. आम्हाला नागपूरकरांना मोकळ्या जागेचं कौतुक नसतं, आमच्याकडे ती आहे. तिथे उभं राहिल्यावर कळलं की जागा म्हणजे काय चीज आहे.

ही जमीन मुळात जमीन नव्हती. वरळी आणि मुंबई या बेटांच्या मधल्या खिंडीतून भरतीचं पाणी आत घुसायचं आणि भायखळ्यापर्यंतचा सखल भाग चिखलात जायचा. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घातला गेला, समुद्र थांबला, आणि मागे ही दलदलीची सपाटी उरली. तिला महालक्ष्मी फ्लॅट्स म्हणत. त्याआधी मुंबईच्या शर्यती भायखळ्याला व्हायच्या, आणि त्या काळी पळायचे ते बहुतेक अरबी घोडे, आखातातून गलबतांत घालून आणलेले. शहर वाढलं, भायखळा दाटला, आणि १८८३ मध्ये शर्यती या सपाटीवर आल्या. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला कॉलफील्डचा रेसकोर्स आहे, त्याच्या धर्तीवर हा आखला गेला. लंबगोल, एक फेरी २४०० मीटरची. क्लबचं नाव आधी बॉम्बे टर्फ क्लब, १९२५ मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झालं, दहा वर्षांनी नावाच्या सुरुवातीला ‘रॉयल’ लागलं. प्रेक्षकांचा जुना स्टँड आजही उभा आहे, वारसा इमारतींच्या यादीत आहे. लाकूड, लोखंड आणि उतरतं छप्पर. उन्हात त्याच्या सावलीत उभं राहिलं की समुद्राचा वारा थेट अंगावर येतो. मधल्या मैदानात पोलो चालतो, घोडेस्वारी शिकवतात, हेलिपॅडसुद्धा आहे.

गवताचं गणित मला तिथल्या हंगामातून समजलं. मुंबईच्या शर्यती साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळा लागला की घोडे, ट्रेनर, मोतद्दार, सगळा काफिला पुण्याला जातो आणि जुलैपासून पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यती होतात. ती जागा लष्कराची, १८३० पासूनची. इंडियन सेंट लेजर ही मोठी शर्यत तिकडेच पळवतात. मुंबईत त्या चार महिन्यांत धो-धो पाऊस कोसळतो. तेव्हा ट्रॅकवर टाप पडली तर मुळं उखडतील. म्हणून गवताला चार महिने एकटं सोडतात. पाऊस पितं, मुळं खोल सोडतं, आणि हिवाळ्यात घोडे परत येतात तेव्हा खाली विणलेली सतरंजी तयार असते. आपल्याकडे शेतकरी एखादं वावर पडीत ठेवतो, तसंच. फरक एवढाच, की इथे पीक घोड्याच्या पायाखाली काढायचं असतं.

शर्यतीच्या दिवशी जमीन किती दबते ते मोजतात. पेनेट्रोमीटर नावाची सळई असते, ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून टाकायचं आणि सळई किती आत गेली ते वाचायचं. तो आकडा सगळ्यांना कळवतात. कठीण जमिनीवर काही घोडे सुसाट जातात, काहींचे पाय दुखतात आणि ते अंग चोरतात. शिवाय आतल्या कठड्याच्या कडेने सगळ्यांनाच पळायचं असतं, तिथलं अंतर कमी पडतं. त्यामुळे तेवढाच पट्टा झिजतो. म्हणून मधूनमधून तात्पुरता कठडा आणखी बाहेर सरकवून लावतात आणि दमलेल्या गवताला विश्रांती देतात. हे वाचलं तेव्हा मला खरोखर भरून आलं. गवताच्या विश्रांतीचा विचार करणारी माणसं कुठेतरी आहेत.

आमच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, हे होताना मी पाहिलेलं नाही. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा कायम केला. तेव्हापासून पटाच्या आधी जोड्या तपासून दाखला देण्याचं काम आम्हा पशुवैद्यांकडे आलं. मला पट आवडतो, अगदी मनापासून आवडतो. धुरकरी छकड्यावर वाकलेला, घड्याळ सुरू, आणि जोडी दाणीवरून अशी निघते की धुळीशिवाय काही दिसत नाही. पण एका गावात फेब्रुवारीतल्या वाळलेल्या काळ्या रानात पट भरवला होता. काळी माती ओली असली की लोणी, वाळली की दगड, आणि दगडात हात जाईल एवढ्या भेगा. बैल मी तपासला होता, ठणठणीत होता. त्याचा पाय भेगेत गेला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. दाखल्यात बैलाचे डोळे, खूर, श्वास, सगळं लिहायला रकाना होता. जमिनीला नव्हता.

रविवारी दुपारी पुन्हा गेलो, या वेळी तिकीट काढून. ‘इंडियन डर्बी’ फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते, १९४३ पासून. पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. त्या दिवशी इथे टोप्या आणि साड्या पाहायला अर्धी मुंबई लोटते म्हणतात. मी गेले तो साधा रविवार होता, आणि मला तोच हवा होता.

पॅडॉक म्हणजे शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात ती जागा. मी कठड्याला टेकून उभी राहिले ती पाऊण तास हललेच नाही. सात नंबरची घोडी कुमाईत होती, तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ. मोतद्दार तिच्या खांद्याला खांदा लावून चालत होता, ओठ हलत होते, काहीतरी तिच्याशी बोलत होता. खरारा करून अंग असं चमकवलं होतं की कातडीखालची प्रत्येक शीर मोजता यावी. कपाळावर डोळ्यांच्या रेषेच्या जरा वर एक भोवरा, मानेवर आयाळीच्या मुळाशी दुसरा. आपल्याकडे बैल घेताना म्हातारे भोवरेच पाहतात, हा शुभ, तो खोड काढणारा. घोड्यांचंही तसंच मोठं शास्त्र होतं, मराठ्यांच्या पागांमध्ये त्यावरून घोडी नाकारली जात. आज प्रत्येक थरोब्रेडच्या, म्हणजे रेससाठीच पैदास केलेल्या जातीच्या घोड्याच्या, पासपोर्टवर पशुवैद्य तेच भोवरे चित्रात खुणा करून नोंदवतो. शुभ-अशुभ गेलं, भोवरा मात्र ओळखपत्र म्हणून राहिला, कारण दोन घोड्यांचे भोवरे सारखे नसतात.

घोडी चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पुढे पडत होता, मोकळा. कान पुढे. मी पुतणीला म्हटलं, ही निरोगी आहे, हिला आज पळावंसं वाटतंय. जिंकेल का ते मला सांगता आलं नसतं.

पैसे लावण्याचं सांगायचं तर, टोटवर, म्हणजे क्लबच्या तिकीट-खिडकीवर, सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात. त्यातून कर आणि क्लबचा वाटा वजा होतो, उरलेले जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटले जातात. म्हणजे काका क्लबशी खेळत नव्हते. ते शेजारी उभ्या असलेल्या, त्यांच्यासारखाच पगार खिशात घेऊन आलेल्या दुसऱ्या कामगाराशी खेळत होते, आणि दोघांच्याही पैशांतून आधी कर जात होता. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा जुगार नव्हे, असा निकाल दिला. पॅडॉकच्या कठड्याशी उभं राहून मला तो पटला. वजन, वंश, जमीन, अंतर, मागच्या शर्यती, चाल, हे वाचायला आयुष्य लागतं. चांगल्या घोड्याच्या खोगिरात जास्त वजन घालून त्याला बाकीच्यांच्या बरोबरीला आणतात, तो हिशेबही सोपा नाही. पण दिवसपाळी-रातपाळी करून, उसन्या टिपवर घोडा लावणाऱ्या माणसापाशी यातलं किती होतं? कौशल्य खेळात असतं, खेळणाऱ्यात असेलच असं नाही. आजीच्या पाटल्या त्या फटीत गेल्या. शर्यत मला फार आवडली आणि पैसे लावायचं तिकीट मी काढलं नाही, हे दोन्ही मी विचार करून सांगते आहे.

बाराशे मीटरची शर्यत होती. समोरच्या बाजूला फाटक उघडलं तेव्हा लांबून काही ऐकू आलं नाही, नुसते रंगीत ठिपके सरकताना दिसले. वळणावर ते एका गाठोड्यासारखे आले. मग सरळ पट्टा लागला आणि आवाज आधी पायांतून आला, कानांत नंतर. जमीन हलत होती. घोडा भरधाव असताना प्रत्येक झेपेला एकच श्वास घेतो, झेप आणि श्वास एकमेकांना बांधलेले असतात. प्लीहा आखडते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते, हृदय मिनिटाला दोनशेच्या वर ठोके देतं. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी ते नाकपुड्यांमधून बाहेर पडताना ऐकलं. सात नंबरची घोडी तिसरी आली. परत चालत आली तेव्हा चारही पाय सारखे टाकत होती. मला तेवढं पुरलं.

घोडे गेल्यावर खरं पाहण्यासारखं काम सुरू झालं. स्त्री-पुरुषांची एक रांग हातात बादल्या घेऊन ट्रॅकवर उतरली. टापांनी उखडलेली गवताची ढेकळं उचलायची, उलटी असतील तर सुलटी करून त्याच खड्ड्यात बसवायची, पायाने दाबायची, भोवती माती भरायची. पुढच्या शर्यतीपर्यंत अर्धा तास. कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं, सगळे खिडक्यांशी रांगेत होते. कठड्याजवळ आलेल्या एका बाईंना मी म्हटलं, “ताई, एक ढेकूळ दाखवता का?” त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं, मग हातावर ठेवलं. वर बोटभर गवत. खाली मुळं, पांढरी, एकमेकांत अशी गुंतलेली की माती सुटत नव्हती. दाबलं की बसायचं, सोडलं की पुन्हा वर यायचं. मी चार बोटं लावून मोजलं. “लवकर द्या, जागा चुकते,” त्या म्हणाल्या. घेतलं आणि नेमक्या त्याच खड्ड्यात नेऊन बसवलं.

हे घोडे पुढे कुठे जातात, हा प्रश्न पशुवैद्याला सुटत नाही. त्याचं एक उत्तर पुण्यात आहे. पूनावाला कुटुंबाचा घोड्यांच्या पैदाशीचा फार्म १९४६ मधला. निवृत्त घोडे ते मुंबईच्या हाफकिन संस्थेला देत. तिथे घोड्यांना विषाचे किंवा जंतूंच्या विषाचे अगदी छोटे, वाढते डोस देऊन त्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचं आणि सर्पदंशावरचं प्रतिविष काढलं जाई. हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सायरस पूनावालांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. आजही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं सर्पविषरोधक घोड्याच्याच रक्तातून तयार होतं. भिवापूरला असताना धानाच्या बांधावर दंश झालेल्या एका बाईला मी माझ्या जीपमधून ग्रामीण रुग्णालयात नेलं होतं. दहा कुप्या लागल्या. ती वाचली. त्या कुपीमागे कुठल्यातरी घोड्याची मान होती.

रेसकोर्सची जमीन पालिकेच्या भाडेपट्ट्यावर होती, आणि तो २०१३ मध्ये संपला. बरीच वर्षं ओढाताण झाली. २०२४ मध्ये ठरलं की २११ एकरांपैकी ९१ एकर क्लबकडे राहतील आणि १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान होईल. उद्यान व्हावं, मुंबईच्या लोकांना ते मिळायलाच हवं, मी त्या सकाळी चालले तेव्हा मलाही हवंसंच वाटलं. माझी कळकळीची विनंती एवढीच, की मधे काँक्रीट ओतू नये, आणि त्या ट्रॅकच्या खालची मुळं कोणी हलवू नयेत. असं गवत पुन्हा लावून लगेच मिळत नाही.

नागपूरला परत आल्यावर जुनी शुक्रवारीला गेले. काका खाटेवर बसले होते. काकू चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा काकांनी हाताने खूण केली, सांग. मी चार बोटं जोडून दाखवली. “मुळं एवढी खोल आहेत.”

त्यांनी माझी बोटं आपल्या हातात धरून पाहिली.

“ढेकळं उडत होती?”

“हो. पण माणसं लगेच परत बसवत होती.”

“तेव्हाही बसवत,” ते म्हणाले. “आमी कधी पाह्यलं नाई. आमी तेवढ्यात खिडकीवर राह्यत होतो.”

काकू चहा घेऊन आल्या. काकांनी बोटं सोडली आणि विचारलं, या वर्षी संत्र्याला भाव कसा आहे.